वीस वर्षांचे वचन



शिक्षणसंस्था पैशाने उभी राहते की माणसांनी? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर जामिया मिल्लिया इस्लामियाचा इतिहास पाहा.

जामियाची स्थापना २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलीगढ येथे झाली. असहकाराच्या हाकेला ओ देऊन सरकारी मदतीवर चालणारे कॉलेज ज्या तरुणांनी सोडले, त्यांत २३ वर्षांचे झाकीर हुसेन होते. इतरांना 'बाहेर पडा' असे सांगण्याआधी ते स्वतः बाहेर पडले होते.

पुढे १९२४ साली खिलाफतच संपुष्टात आली आणि चळवळीबरोबर देणग्याही आटल्या. १९२५ मध्ये जामिया दिल्लीच्या करोलबागेत आली. हकीम अजमल खाँ यांनी तिचा भार उचलला, तरी ती बंद करावी असा विचार बोलला जाऊ लागला. झाकीर हुसेन तेव्हा बर्लिनमध्ये शिकत होते. अर्थशास्त्रातील डॉक्टरेट घेतलेल्या माणसाला मोठ्या पगाराची नोकरी सहज मिळाली असती. पण १९२६ साली ते आबिद हुसेन व महंमद मुजीब या दोन मित्रांसह परतले, ते थेट या कर्जबाजारी संस्थेत. वयाच्या २९ व्या वर्षी ते तिचे शेखुल जामिया, म्हणजे कुलगुरू झाले.

डिसेंबर १९२७ मध्ये हकीमसाहेबांचे निधन झाले आणि उरलासुरला आधारही गेला. तेव्हा, १९२८ मध्ये, झाकीरसाहेब व त्यांच्या सहकारी शिक्षकांनी वचन दिले : वीस वर्षे जामियाची सेवा करू आणि दरमहा १५० रुपयांपेक्षा अधिक वेतन घेणार नाही. हे १५० रुपयेही कागदावरचेच. हाती पडे ते पुष्कळदा त्याहून कमी, आणि तेही उशिरा. तरीही शिक्षक टिकले. का टिकले? कारण जी झळ त्यांना लागत होती, तीच कुलगुरूंच्या घरालाही लागत होती.

त्यांची एक आठवण नेहमी सांगितली जाते. मुलांनी बूट स्वच्छ ठेवावेत असे वारंवार सांगूनही उपयोग होईना. एके दिवशी झाकीरसाहेब स्वतःच पॉलिश व ब्रश घेऊन दारात बसले आणि येणाऱ्या मुलांचे बूट पुसू लागले. मुले शरमली. त्यानंतर सांगण्याची गरज उरली नाही.

१ मार्च १९३५ रोजी ओखला येथे नव्या इमारतीची पायाभरणी झाली. कोनशिला बसवण्याचा मान कोणा बड्या पाहुण्याला नव्हे, तर जामियातील सर्वांत लहान विद्यार्थ्याला देण्यात आला. कष्टात पुढे राहणारा मानाच्या वेळी मागे कसा राहतो, हेही मुलांनी त्या दिवशी पाहिले.

१९४८ साली झाकीरसाहेबांनी कुलगुरुपद सोडले, तेव्हा वीस वर्षांचे वचन पुरे झाले होते. पुढे १९६७ मध्ये ते राष्ट्रपती झाले. ३ मे १९६९ रोजी त्यांचे निधन झाले आणि जामियाच्याच भूमीत त्यांना दफन करण्यात आले.

पालकहो, मुलाला 'अभ्यासाला बस' म्हणताना घरातला रेडिओ आपण बंद करतो का? आम्ही शिक्षक वेळेवर या म्हणतो. आम्ही स्वतः घंटेआधी वर्गात असतो का? आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी जो वर्गप्रमुख असेल त्याने झाडू आधी आपल्या हाती घ्यावा. बाकीचे हात आपोआप पुढे येतील.