दासीचे तळे आणि नागरिकाचा हक्क

जबलपुरात राणीताल आहे, तसा चेरीतालही आहे. चेरी म्हणजे दासी. गोंड राणी दुर्गावतीच्या काळी तिच्या दासीच्या नावे हे तळे झाले, अशी लोककथा आहे. आज ते शहरातील एका वस्तीचे नाव आहे. राणी प्रसन्न झाली तर दासीच्या नावे तळे होते. पण नागरिकाचे स्वातंत्र्यही असे राज्यकर्त्याच्या कृपेवर असावे काय?

हा प्रश्न जबलपूरच्याच नावाने गाजलेल्या खटल्यात उभा राहिला. १९७५ च्या आणीबाणीत अनेकांना विनाचौकशी स्थानबद्ध करण्यात आले. त्यांचे बंदिप्रत्यक्षीकरणाचे अर्ज ऐकता येतात, असे जबलपूरच्या उच्च न्यायालयाने ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी, चार विरुद्ध एक मताने, ती दाद नाकारली. विरोधी मत एकट्या न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांचे होते. पुढे सरन्यायाधीश नेमताना त्यांना डावलण्यात आले.

१९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने जीवित व व्यक्तिस्वातंत्र्यासाठी दाद मागण्याचा मार्ग आणीबाणीतही खुला ठेवला. त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली तो निर्णय चुकीचा ठरविणारे निकालपत्र त्यांचेच पुत्र धनंजय यांनी लिहिले. कृपा देणाऱ्याची असते. हक्क ज्याचा त्याचा असतो.