खाजगी मातीबांध व विहारतलाव

व्यक्ती, घराणे किंवा संस्था यांच्या मालकीच्या जमिनीत ओढ्याच्या आड मातीची पाळ घालून पाणी अडवावयाचे आणि त्या पाण्याचा विनियोग सिंचनाऐवजी अथवा सिंचनाबरोबरच नौकाविहार, मत्स्यमृगया किंवा केवळ सौंदर्यदर्शन यांसाठी करावयाचा, अशा रचनेस या नोंदीत खाजगी मातीबांध व विहारतलाव म्हटले आहे.

रचना : मातीबांध स्वतःच्या वजनावर पाण्याचा दाब पेलून धरतो. त्याच्या गर्भात चिकणमातीची अपार्य भिंत असते. ती पायाखालील खंदकातून खडकापर्यंत किंवा घट्ट थरापर्यंत नेतात. पाण्याकडील उतारावर लाटांपासून रक्षणासाठी दगडांचे अस्तर देतात, तर उलट बाजूच्या पायथ्याशी निचऱ्यासाठी दगडगोट्यांचा थर ठेवतात. पाणी हवे तेव्हा खाली सोडता यावे म्हणून विमोचक आणि पुराचे पाणी पाळीवरून न जाता बाजूने वाहून जावे म्हणून सांडवा, ही दोन अंगे पाळीइतकीच महत्त्वाची होत; कारण दगडी धरणावरून पाणी वाहिले तरी ते काही काळ तग धरू शकते, पण मातीच्या पाळीवरून पाणी वाहू लागले की तिचा माथा धुपून अल्पावधीत खिंडार पडते. दुसरा धोका आतून येतो. झाडांची कुजलेली मुळे, घुशींची बिळे किंवा विमोचकाच्या नळालगतची ढिली माती यांतून झिरपणारे पाणी गढूळ होऊन बाहेर येऊ लागले, म्हणजे पाळ आतून पोखरली जात आहे असे समजावे.

महाराष्ट्रातील परंपरा : खाजगी मातीबांधांची सर्वांत समृद्ध परंपरा भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत आढळते. तेथे गोंड राजवटीच्या आश्रयाने कोहळी समाजाने भातशेतीसाठी हजारो तलाव बांधले आणि पुढे मालगुजारांच्या, म्हणजे शेतसारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात असलेले तलाव मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जाऊ लागले. अठराव्या शतकाच्या प्रारंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधलेला नवेगावबांध हा त्यांतील विख्यात. त्याच्या कर्त्यास लोकांनी कोलासुर या नावाने देवत्व दिले, आणि सिंचनासाठी अडविलेले ते विस्तीर्ण पाणी आज राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरातील विहारस्थान झाले आहे. 1950 च्या कायद्याने मालगुजारांचे मालकी हक्क संपुष्टात येऊन तलाव सरकारजमा झाले. मालगुजारीचा अंत न्याय्यच होता. परंतु दरसाल पाळीची दुरुस्ती करवून घेणारी जुनी व्यवस्था तिच्याबरोबर लोपली, तिची जागा घेणारी नवी व्यवस्था तितक्या तत्परतेने उभी राहिली नाही आणि अनेक तलाव गाळाने भरत गेले. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव मात्र राजाश्रयातून निर्माण झाला. साताऱ्याचे छत्रपती अप्पासाहेब महाराज यांनी तो 1842 मध्ये बांधविला आणि पुढे नौकाविहारामुळे तो सर्वतोमुखी झाला.

ठाणे व खोपट : ठाणे शहर तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध असून खोपट भागातील सिद्धेश्वर तलाव, कौपिनेश्वर मंदिरासमोरील मासुंदा आणि येऊरच्या डोंगरपायथ्याचा उपवन हे त्यांतील परिचित तलाव होत. यांपैकी मासुंदा नौकाविहारासाठी लोकप्रिय आहे. हे तलाव आज सार्वजनिक आहेत, त्यामुळे त्यांची निगा नागरिकांच्या नजरेसमोर राहते. पण मुरबाड, शहापूर, कर्जत या तालुक्यांत ओढे अडवून केलेली खाजगी तळी कुंपणाआड असतात, आणि त्यांच्या पाळी पाहणारा मालकावाचून दुसरा कोणी नसतो.

दुर्घटना व त्यांचा बोध : विहारासाठी राखलेल्या खाजगी मातीबांधाचा सर्वांत भीषण अंत अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडला. साउथ फोर्क येथील सुमारे 22 मीटर उंचीचा बांध मूळचा कालव्यासाठी होता. तो खाजगी हातांत गेल्यावर त्याचे विमोचक नळ काढून विकण्यात आले, पुढे धनिकांच्या मत्स्यमृगया क्लबाने गाड्यांच्या वाटेसाठी त्याचा माथा खाली आणला आणि मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसविल्या. 31 मे 1889 रोजी अतिवृष्टीत तो फुटला आणि जॉन्सटाउन नगरात व आसपास 2,209 माणसे मृत्युमुखी पडली. यातील प्रत्येक फेरफार विहाराच्या सोयीसाठी किंवा किरकोळ लाभासाठी केलेला होता, आणि प्रत्येकाने पुराचे पाणी सुखरूप बाहेर काढण्याची बांधाची क्षमता कमी केली होती.

कायदा : अशा पाण्याच्या जबाबदारीविषयी दोन जुने निर्णय महत्त्वाचे आहेत. राइलंड्स विरुद्ध फ्लेचर (1868) या खटल्यात गिरणीमालकाच्या जलाशयाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले, तेव्हा हयगय सिद्ध झाली नसतानाही मालक जबाबदार ठरला. उलट कार्वेटनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे नुकसान झाले असता प्रिव्ही कौन्सिलने 1874 मध्ये जमीनदारास दोषमुक्त केले. कारण ते तलाव राखणे हे रयतेच्या हितासाठी त्याचे परंपरागत कर्तव्यच होते. केवळ विहारासाठी पाणी साठविणाऱ्याला हा आधार सांगता येणे कठीण आहे. भारताचा धरण सुरक्षा अधिनियम, 2021 हा मुख्यतः 15 मीटरांहून उंच धरणांना आणि विशिष्ट अटींत बसणाऱ्या 10 ते 15 मीटर उंचीच्या धरणांना लागू होतो. त्याहून ठेंगणी पाळ त्याच्या कक्षेबाहेर राहते.

निगा : पावसाळ्यापूर्वी सांडवा मोकळा करणे, पाळीवरील झुडपे लहान असतानाच उपटणे, बिळे खणून चिकणमातीने ठोकून बुजविणे, विमोचकाचे दार उघडून पाहणे आणि पायथ्याचा पाझर स्वच्छ आहे की गढूळ याची नोंद ठेवणे, ही कामे कोणत्याही मालकाच्या आवाक्यातील आहेत. पाळीखाली वस्ती असेल तर ती दरवर्षी केलीच पाहिजेत. ज्या मालकाला हे जमत नाही त्याने पाणी अडवू नये, आणि अडविले असेल तर जाणत्या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते उतरवून पाळ मोकळी करावी.