दादाच्या फ्लॉप्यांचा डबा

स्मरणिकेसाठी मीही चार ओळी लिहाव्यात असा आग्रह झाला. सातवी शिकलेल्या बाईने इतिहास काय लिहावा? परंतु माळ्यावरच्या एका डब्याचा इतिहास मला ठाऊक आहे, तोच सांगते.

सन १९९७ मध्ये माझा दादा मुंबईस कॉम्प्युटर शिकत असे. भाऊच्या धक्क्याहून लाँचने मोऱ्यास उतरून घरी आला, की खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी काढी. तिच्या आत पातळ चकती. कॅसेटच्या फितीसारखाच तिच्यावर चुंबकीय लेप. अशा फ्लॉप्या प्रथम आय.बी.एम. कंपनीने १९७१ साली विक्रीस आणल्या. आमच्या साडेतीन इंची फ्लॉपीत १.४४ मेगाबाइट एवढेच मावे. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोही बहुधा तीत मावणार नाही.

तेवढ्या जागेत ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा अख्खा खेळ असे. राजकन्या कोंडलेली, आणि राजपुत्राने तिला ६० मिनिटांत सोडवायचे. माझी शाळा तोवर सुटली होती. दुपारी भांडी आवरून मी दादाच्या जुन्या कॉम्प्युटरवर खेळावयास बसे. पण मुलीच्या जातीला तासभर सलग कोण बसू देणार? कधी पाण्याची, कधी चहाची हाक येई. माझी राजकन्या कधी सुटलीच नाही.

पुढे कळले, की हा खेळ जॉर्डन मेक्नर या अमेरिकन तरुणाने १९८९ साली बाजारात आणला. राजपुत्राचे धावणे इतके खरे वाटे, कारण त्याने आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावून त्याचे चित्रण केले आणि त्यावरून एकेक चित्र काढले. खेळाची मूळ आज्ञावली मात्र हरवली. २०१२ साली त्याच्या वडिलांना एक जुने खोके सापडले. त्यातल्या फ्लॉप्या जाणकारांनी वाचल्या, आणि २३ वर्षांनी ती परत मिळाली.

हे समजल्यावर मीही माळ्यावरून डबा काढला. दादा आता नाही. एका फ्लॉपीवर त्याच्या अक्षरात ‘छोटीसाठी’ असे लिहिलेले होते. पण समुद्राची दमट हवा आणि इतके पावसाळे! चकतीवर पांढरी बुरशी चढली होती. “ही यंत्रात घातली तर यंत्रही बिघडेल,” असे दुकानदार म्हणाला. आत खेळ होता की आणखी काही, ते आता कळावयाचे नाही.

म्हणून एवढीच विनंती, की मंडळाच्या जुन्या फोटोंच्या व हिशेबांच्या प्रती आजच काढून दोन घरी ठेवाव्यात. वस्तू जपली म्हणजे आठवण जपली, असे मी समजत होते. ते खरे नव्हे.