नोकियानें दिलेले तीन निरोप



इतिहासाच्या पुस्तकांत राज्यें कशीं उभीं राहिलीं याचें वर्णन पानेंच्या पानें भरून असतें. तीं कशीं मोडलीं हें एका परिच्छेदांत उरकलेलें असतें. आणि मोडल्यावर त्या राज्याच्या पदरचे शिपाई, कारकून व कारागीर कोठें गेले, याविषयीं बहुधा एक ओळहि नसते. १८१८ सालीं पेशवाई संपली हें शाळेंतील प्रत्येक मुलास पाठ असतें. परंतु फौज मोडल्यावर घोडा विकून गांवीं परतलेल्या शिलेदाराच्या घरीं दुसऱ्या वर्षीं चूल कशी पेटली, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या काळांत राज्यांची जागा पुष्कळ अंशीं मोठमोठ्या कंपन्यांनीं घेतली आहे. त्यांचेहि उदय होतात, त्यांचेहि अस्त होतात, आणि अस्ताच्या वेळीं तेथेंहि हजारों माणसें दाराबाहेर उभीं राहतात. अशा एका कंपनीनें आपल्या माणसांना निरोप कसा दिला, याची हकीकत मला आज सांगावयाची आहे. ती कंपनी म्हणजे फिनलंड देशांतील नोकिया.

हें नांव आपणांस नवें नाहीं. ३१ जुलै १९९५ रोजीं बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशीं भ्रमणध्वनीवरून संभाषण केलें, आणि हिंदुस्थानांत मोबाईलचें युग सुरू झालें; त्या संभाषणांत नोकियाचेंच यंत्र वापरलें गेलें होतें. पुढें २००३ सालीं निघालेला, डोक्याशीं विजेरी असलेला ११०० क्रमांकाचा फोन तर शेतकऱ्याच्या बंडीपासून वकिलाच्या मेजापर्यंत सर्वत्र पोहोंचला. जगांत त्याचे सुमारें २५ कोटि नग खपले. परंतु तो ज्या देशांतून आला तो देश किती लहान आहे याची कल्पना त्या वेळीं फार थोड्यांना होती. उत्तर ध्रुववृत्तापर्यंत पसरलेल्या, अरण्यांनीं आणि सरोवरांनीं भरलेल्या त्या देशाची लोकसंख्या २००० सालीं सुमारें ५२ लाख होती; म्हणजे एकट्या मुंबई शहराच्या निम्म्याहूनहि कमी.

या कंपनीचा आरंभ १८६५ सालीं टँपेरे गांवाजवळील धबधब्याच्या काठीं झाला. फ्रेडरिक इडेस्टाम नांवाच्या खाणकामाच्या इंजिनिअरनें तेथें लांकडाच्या लगद्याची गिरणी काढली. दुसरी गिरणी नोकिया या गांवाशेजारीं निघाली, आणि त्या गांवाचेंच नांव कंपनीस मिळालें. पुढें रबराचे जोडे करणारा एक कारखाना आणि विजेच्या तारा करणारा दुसरा, हे दोन्ही तिच्या जवळ आले, आणि १९६७ सालीं तिघांचा मिळून एक संसार झाला. कागद, रबर, तारा, दूरचित्रवाणीचीं यंत्रें असा तिचा व्यापार चोहोंकडे पसरला होता. १९९१ सालीं सोव्हिएट राज्य कोसळलें. फिनलंडचें एक मोठें गिऱ्हाईक एका रात्रींत नाहींसें झालें. देशांतील बेकारी शेंकडा १५ च्याहि वर गेली. अशा वेळीं, १९९२ सालीं, योर्मा ओलिला यांच्याकडे कंपनीचीं सूत्रें आलीं. त्यांनीं जुने धंदे एकामागून एक विकून टाकले आणि सगळा भार मोबाईलवर टाकला. हा डाव साधला. १९९८ पासून पुढें सुमारें चौदा वर्षें मोबाईल फोनच्या व्यापारांत नोकियाचा क्रमांक जगांत पहिला होता. भरभराटीच्या काळांत जगांत खपणाऱ्या दर दहा फोनांपैकीं जवळजवळ चार तिचे असत.

लहान गांवांत एकच मोठा वाडा असावा आणि साऱ्या गांवानें त्याच्या सावलींत बसावें, तशी फिनलंडची स्थिति झाली. २००० च्या सुमारास देशाच्या एकूण उत्पन्नाचा सुमारें शेंकडा ४ भाग आणि निर्यातीचा सुमारें पांचवा हिस्सा या एका कंपनीचा होता. दक्षिणेकडील सालो या लहानशा शहरांत तिच्या कारखान्यावर हजारों कुटुंबें अवलंबून होतीं. उत्तरेकडील औलू शहरांतील विद्यापीठ तिला इंजिनिअर पुरवीत असे. देशांतील हुषार मुलाची महत्त्वाकांक्षा नोकियांत शिरण्याची असे. वाड्याला तडा गेला तर काय, हा प्रश्न भरभराटींत कोणास सुचत नाहीं.

तो तडा २००७ सालीं गेला. त्या वर्षीं ॲपल कंपनीनें आयफोन आणला, आणि पुढल्याच वर्षीं गूगलच्या अँड्रॉइड प्रणालीवर चालणारे फोन बाजारांत येऊं लागले. फोन हें बोलण्याचें यंत्र न राहतां खिशांतील संगणक झालें. नोकियापाशीं विद्वान होते, पैसा होता, काचेवर बोट ठेवून चालणारीं यंत्रेंहि तिनें आधींच करून पाहिलीं होतीं. परंतु तिची सिंबियन नांवाची प्रणाली जुनी व जड झाली होती, आणि पुढें अभ्यासकांनीं कंपनींतील माणसांच्या मुलाखती घेतल्या तेव्हां असें आढळून आलें कीं, मधल्या फळींतील अधिकारी वरिष्ठांना अप्रिय वार्ता सांगण्यास भीत असत. दरबारांत खरें बोलणारा माणूस उरला नाहीं म्हणजे राज्याचें काय होतें, हें इतिहासाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. २०१० सालीं मायक्रोसॉफ्टमधून आलेले स्टीफन ईलॉप कंपनीचे प्रमुख झाले; पुढल्या वर्षाच्या फेब्रुवारींत त्यांनीं सिंबियनचा मार्ग सोडून मायक्रोसॉफ्टची प्रणाली पत्करली. तीहि चालली नाहीं. अखेर सप्टेंबर १९१३ नव्हे, तर पुरत्या शंभर वर्षांनीं, २०१३ च्या सप्टेंबरांत, फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला ५४४ कोटि युरोंना विकण्याचा करार झाला.

आतां निरोपांकडे वळूं. पहिला निरोप ऱ्हासाच्या आधींचा आहे. जर्मनींतील बोखुम शहरीं नोकियाचा कारखाना होता. कोळशाच्या खाणी बंद पडत चाललेल्या त्या भागास अशा कारखान्याचा मोठा आधार वाटे, आणि तेथील सरकारनें कंपनीस कोट्यवधींची मदतहि दिली होती. जानेवारी २००८ मध्यें कंपनीनें जाहीर केलें कीं, येथील मजुरी महाग पडते, सबब कारखाना बंद करून काम रुमानियांत नेण्यांत येईल. सुमारें २,३०० माणसें कामावरून जावयाचीं होतीं. आणि नुकत्याच संपलेल्या वर्षांत कंपनीस विक्रमी नफा झाला होता! सारें शहर रस्त्यावर आलें. मंत्र्यांनीं आपले नोकियाचे फोन टाकून दिले. सरकारनें दिलेली मदत परत मागितली. शेवटीं कंपनीनें कामगारांना भरपाईदाखल सुमारें २० कोटि युरो दिले. रक्कम लहान नव्हती, परंतु लोकांच्या मनांतील तिढा पैशानें सुटला नाहीं, आणि जर्मनींतील तिचा खप घसरला. यांतील दैवदुर्विलास असा कीं, ज्यासाठीं हा सारा खटाटोप झाला तो रुमानियांतील क्लूज येथील कारखानाहि २०११ सालींच बंद करण्याचें ठरलें.

दुसरा निरोप या अनुभवांतून निघाला. २०११ सालीं पुन्हां हजारों माणसें कमी करण्याची वेळ आली, तेव्हां ओलिला आणि त्यांचे सहकारी यांनीं ठरविलें कीं, बोखुमची पुनरावृत्ति होऊं द्यावयाची नाहीं. त्यांनीं एक योजना आंखली व तिला ‘पूल’ या अर्थाचें नांव दिलें. जाणाऱ्या माणसापुढें पांच वाटा ठेवण्यांत आल्या : कंपनींतच दुसरें काम, बाहेर दुसरी नोकरी, स्वतःचा धंदा, नवें शिक्षण, अथवा स्वतःच्या मनानें आंखलेली अशी एखादी वेगळीच वाट. धंदा काढणारास २५,००० युरोंपर्यंत भांडवल मिळे, व चौघांनीं मिळून काढल्यास एक लाखापर्यंत. बातमी शक्य तितकी आधीं सांगावयाची, आणि आपल्याच माणसांनीं तोंडावर सांगावयाची, असा दंडक होता. तेरा देशांतील सुमारें १८,००० माणसें या पुलावरून गेलीं. ज्या दिवशीं त्यांनीं कंपनीचें दार सोडलें त्या दिवशीं त्यांपैकीं शेंकडा ६० जणांना पुढें काय करावयाचें हें ठाऊक होतें. सुमारें एक हजार नवे लहानमोठे धंदे त्यांतून उभे राहिले. या सगळ्याचा खर्च आला सुमारें ५ कोटि युरो. म्हणजे एकट्या बोखुमला जें द्यावें लागलें त्याचा चौथा हिस्सा.

तिसरा निरोप आपल्याच देशांतला आहे. चेन्नईपासून सुमारें ४० किलोमीटरांवर श्रीपेरुंबुदूर हें गांव आहे. रामानुजाचार्यांचें जन्मस्थान म्हणून तें प्रसिद्ध आहे. २००६ सालीं तेथें नोकियाचा कारखाना सुरू झाला, आणि थोड्याच वर्षांत जगांतील मोठ्या मोबाईल कारखान्यांत त्याची गणना होऊं लागली. भरांत असतांना तेथें सुमारें ८,००० माणसें काम करीत. त्यांत मोठा भाग खेड्यांतून आलेल्या तरुण मुलींचा होता. घरांतून बाहेर पडून, वसतिगृहांत राहून, दरमहा स्वतःच्या नांवानें पगार आणणारी ती घराण्यांतील पहिलीच स्त्री, असें कितीकींच्या बाबतींत घडलें. २०१३ पासून कंपनी आणि सरकार यांच्यांत करांचा मोठा वाद पेटला. दाव्यापायीं कारखान्यावर जप्ती आली. सर्वोच्च न्यायालयानें ३,५०० कोटि रुपयांची हमी मागितली. कंपनीनें ती दिली नाहीं. परिणामीं एप्रिल २०१४ मध्यें बाकीचा धंदा मायक्रोसॉफ्टच्या हातीं गेला, आणि श्रीपेरुंबुदूर तेवढें मागें राहिलें. कंत्राटानें कांहीं महिने काम चाललें. मायक्रोसॉफ्टनें तेंहि थांबविलें. सुमारें ५,००० जणांनीं स्वेच्छानिवृत्तीची रक्कम घेतली, आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजीं यंत्रें बंद झालीं. त्या आवारांत फोनचे सुटे भाग पुरविणारे दुसरे कारखाने होते. त्यांनाहि त्याची झळ लागली, आणि पाठोपाठ फॉक्सकॉननेंहि तेथील काम थांबविलें.

या कामगारांचें वय पाहा : बहुतेक विशी-पंचविशींतले. ‘निवृत्ति’ हा शब्द त्या वयास लावावा लागला यांतच सारें आलें. हातीं एकरकमी पैसा आला. परंतु फोनचे भाग जोडण्याचें कसब दुसऱ्या कोठें चालावें, हें सांगणारा कोणी नव्हता. घरून लग्नाचा तगादा सुरू झाला म्हणजे असा पैसा किती दिवस टिकतो, हें आपणां संसारी माणसांस वेगळें सांगावयास नको. वाद दोन बलाढ्य पक्षांचा होता, आणि तो २०१८ सालीं दोन्ही सरकारांत सामोपचारानें मिटलाहि. परंतु तोंवर चार वर्षें उलटून गेलीं होतीं, आणि मुली आपापल्या गांवीं परतल्या होत्या. तो ओसाड कारखाना २०१९ सालीं सालकाँप या कंपनीनें घेण्याचें ठरलें, व पुढें तेथें पुन्हां काम सुरू झालें. भिंतींना दुसरा धनी मिळाला. माणसांच्या गेलेल्या वर्षांना मात्र तसा कोणी मिळत नाहीं.

येथें न्यायानें एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरा निरोप चांगला होता म्हणून फिनलंडांत दुःख झालें नाहीं, असें नाहीं. सालो येथील फोनची जोडणी २०१२ सालीं थांबली. उरलेलें संशोधनाचें काम मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें बंद करण्याचें जाहीर केलें. शहराचें कराचें उत्पन्न आटलें, घरांच्या किंमती उतरल्या, तरुण मंडळी दुसरीकडे गेली. औलूमध्यें मात्र निराळें झालें. तेथें बिनतारी विद्येंत मुरलेले इंजिनिअर एकदम मोकळे झाले आहेत हें पाहून परदेशी कंपन्यांनीं आपलीं संशोधन-केंद्रें तेथेंच आणलीं, आणि नव्या धंद्यांनीं शहर पुन्हां सांवरलें. म्हणजे पूल एकच असला तरी तो ओलांडण्याचें बळ सर्वांच्या पायांत सारखें नसतें. ज्याच्यापाशीं विद्या आहे त्याला भांडवल दिलें कीं तो धंदा काढतो. ज्याच्यापाशीं एकाच यंत्राची संवय आहे त्याला आधीं विद्या द्यावी लागते, आणि तिला वेळ लागतो. शिवाय फिनलंडांत बेकारास भत्ता होता, दवाखाना होता, मुलांची शाळा फुकट होती. कंपनीचा पूल या सरकारी खांबांवर उभा होता.

खुद्द नोकिया बुडाली नाहीं. दूरध्वनीच्या जाळ्यांचीं यंत्रें करणारी कंपनी म्हणून ती आजहि उभी आहे. मायक्रोसॉफ्टनें मात्र विकत घेतलेल्या धंद्यांतील हजारों माणसें २०१४ पासून पुढल्या दोनतीन वर्षांत कमी केलीं आणि अब्जावधि डॉलरांचें नुकसान सोसून तो नाद सोडला.

मला वाटतें, या इतिहासांतून घेण्याजोगा बोध असा आहे. धंदा बुडणें पुष्कळदां कोणाच्याच हातीं नसतें. नवी विद्या येते आणि जुनी मागें पडते. परंतु माणसांना निरोप कसा द्यावयाचा, हें मात्र पूर्णपणें माणसांच्या हातीं असतें. एकाच कंपनीनें सात वर्षांच्या आंत तीन निरोप दिले. पहिल्यांत पैसा होता, विश्वास नव्हता. दुसऱ्यांत पैसा थोडा होता, पण आधीं दिलेली सूचना होती, वाट होती, आणि ती दाखविणारें माणूस होतें. तिसऱ्यांत कंपनी सरकारकडे बोट दाखवीत होती, सरकार कंपनीकडे. आणि ज्यांच्याकडे कोणीच पाहत नव्हतें त्या मुली बसची वाट पाहत फाटकाशीं उभ्या होत्या. आज आपल्या शहरांतूनहि संगणकाच्या कंपन्यांचे उंच मनोरे उभे आहेत, आणि आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-सुना त्यांत काम करीत आहेत. त्या मनोऱ्यांचें वैभव नांदो. परंतु नवा कारखाना यावा म्हणून सरकार जमीन देतें, वीज देतें, कर माफ करतें, त्याच वेळीं त्या करारांत एक कलम निरोपाचेंहि असावें, आणि तें सुबत्तेच्या दिवसांतच लिहून ठेवलेलें असावें. घर बांधतांना जो दाराची जागा आंखून ठेवीत नाहीं, त्याला पुढें भिंत फोडावी लागते.