दिपोटी येणार म्हटलं की



पाचवीला आणि आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आली तेव्हापासून गटाच्या बैठकीत बचतीचा हिशेब संपला की हाच विषय निघतो. कुणी म्हणतं, बरं झालं, पोरांना जरा धाक बसेल. कुणी म्हणतं, आमची पोरगी नापास झाली तर घरातले तिला पुन्हा शाळेत धाडतील का? दोन्ही बोलणी खरी आहेत. म्हणून आज आम्ही जरा मागं जाऊन बघायचं ठरवलंय. लहान मुलांची परीक्षा घेऊन त्यावर काहीतरी ठरवायचं, ही रीत आपल्याकडं आली कुठून?

जुन्या माणसांना दिपोटी हा शब्द माहीत असेल. डेप्युटी इन्स्पेक्टर म्हणजे शाळा तपासायला येणारा साहेब. गावाच्या तोंडी त्याचा दिपोटी झाला. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, मास्तर दारोदार फिरून पोरं गोळा करायचा, एरवी गुरांमागं असणारं पोरगंही त्या दिवशी टोपी घालून पुढं बसायचं. ही धांदल ऐकून आपल्याला हसू येतं. पण एके काळी काही शाळांचं वर्षाचं अनुदान त्या एका दिवसावर ठरत असे.

याचं मूळ इंग्लंडात आहे. तिथं १८६२ साली रॉबर्ट लो नावाच्या मंत्र्यानं नियम आणला की सरकारी पैसा शाळेला निकाल बघून द्यायचा. एका मुलामागं हजेरीचे चार शिलिंग आणि परीक्षेचे आठ. परीक्षा तीनच गोष्टींची, वाचन, लेखन आणि गणित. मूल एका विषयात अडलं की दोन शिलिंग आठ पेन्स कापले, दोन विषयांत अडलं की त्याच्या दुप्पट. सहा वर्षांवरच्या मुलांना ही परीक्षा होती. सहा वर्षांचं लेकरू साहेबासमोर उभं राहून वाचणार आणि त्याच्या वाचण्यावर मास्तरांची भाकरी.

मग मास्तरांनी काय केलं असेल ते आपण ओळखू शकतो. ज्याचे पैसे मिळतात तेवढंच शिकवायचं. इतिहास, भूगोल मागं पडले. वर्षभर एकच पुस्तक इतकं घोकून घ्यायचं की पोरांना ते पाठच व्हावं. मॅथ्यू अर्नोल्ड हे मोठे इंग्रज कवी स्वतः शाळा तपासनीस होते. मुलं अक्षर न ओळखताही परीक्षा पार करू शकतात, हे त्यांनी सरकारला पुन्हा पुन्हा लिहून सांगितलं. तरी ही पद्धत तिथं तीसेक वर्षं टिकली.

आपल्याला हे कळायला इंग्लंडात जायची गरज नाही. बचत गटाचं ग्रेडेशन आठवा. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, नियमित हिशेब, ही पंचसूत्री गट बळकट व्हावा म्हणून आली. पण बँकेचं कर्ज ग्रेडवर मिळतं म्हटल्यावर कुठं काय होतं? सहा महिन्यांची इतिवृत्तं एका रात्रीत, एकाच पेनानं लिहिलेली रजिस्टरं आपण सगळ्यांनी पाहिलीत. ग्रेड ‘अ’ आणि बैठक झालेलीच नाही. त्या बायका लबाड असतात असं नाही. ज्या कागदावर पैसा अडतो तो कागद आधी पुरा होतो, गट मागून. शाळेतही तेच झालं.

इंग्लंडची ही पद्धत त्याच सुमारास मुंबई इलाख्यात आली, सरकारी मदत घेणाऱ्या खाजगी शाळांसाठी. पुढं १८८२ साली सरकारनं शिक्षणाची चौकशी करायला हंटर साहेबांचा आयोग नेमला. त्या आयोगापुढं महात्मा जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ रोजी आपलं निवेदन दिलं. फुल्यांचं नाव आपण जयंतीला घेतो, पण हे निवेदन शांतपणे वाचण्यासारखं आहे, कारण त्यात गावच्या शाळेची अगदी बारीक माहिती आहे.

निकाल बघून पैसे द्यायची रीत गरिबांमध्ये शिक्षण पसरवायला उपयोगाची नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचं कारण साधं होतं. ज्या घरांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही, तिथं स्वतःच्या जबाबदारीवर शाळा काढून कोण बसेल? त्याचं पोट त्यावर भरणारच नाही. म्हणजे निकालावर पैसे ठेवले की मास्तर जाणार शिकलेल्यांच्या आळीत, आणि आपल्या वस्तीला शाळाच नाही. आमच्या मते सगळ्या निवेदनात हा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे.

पण म्हणून फुले परीक्षेच्या विरोधात होते असं कुणी समजू नये. मास्तरांना निदान बारा रुपये पगार द्या, मोठ्या गावात पंधरा-वीस द्या, आणि ज्याची जास्त मुलं पास होतील त्याला पगाराशिवाय वेगळा भत्ता द्या, असं ते म्हणाले. आधी पोटापुरतं पक्कं, मग वरची शाबासकी. दिपोटीबद्दलही ते बोलले. वर्षातून एकदा साहेब येऊन गेल्यानं काही फायदा नाही, तीन महिन्यांनी तरी तपासणी व्हावी, आणि मधूनमधून वर्दी न देता यावं. मुलांनी मोडी, बाळबोध आणि हिशेब शिकावा, पण शेतीची आणि आरोग्याचीही माहिती त्यांना मिळावी, असंही त्यांचं म्हणणं होतं.

आणखी एक. त्याच्या तीस वर्षं आधी पुण्यात फुल्यांनी आपल्या मुलींच्या शाळांची परीक्षा जाहीरपणे घेतली होती, लोकांनी बघायला यावं म्हणून. मुलींना अक्षर येतच नाही म्हणणाऱ्या शहरात मुलींनी भर गर्दीत वाचून दाखवलं. तीही परीक्षाच होती, पण तिच्यात कुणाचे पैसे कापायचे नव्हते.

हंटर आयोगानं मात्र प्राथमिक शाळांना मदत देताना निकालाचा आधार बऱ्याच प्रमाणात कायम ठेवला. ही पद्धत सुटायला विसावं शतक उजाडावं लागलं.

त्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी मुलांच्या बुद्धीची पहिली चाचणी तयार केली, १९०५ साली. शाळेत मागं पडणारी मुलं ओळखायची आणि त्यांना वेगळी मदत द्यायची, एवढाच तिचा हेतू. पुढं अमेरिकेत त्याच चाचणीवरून माणसांना हुशार आणि मंद असे कायमचे शिक्के मारायला सुरुवात झाली, जे बिने यांना मान्य नव्हतं. आपल्याकडं व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कानडी मुलांसाठी ही चाचणी बदलून घेतली.

लहान मुलाला जोखायची दुसरी वाट ताराबाई मोडकांनी दाखवली. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येईनात तर ताराबाईंनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथला. पुढं त्या दोघींनी कोसबाडच्या डोंगरावर आदिवासी मुलांमध्ये काम केलं. मूल काय करतंय ते रोज बघायचं, त्यावरून उद्या काय द्यायचं ते ठरवायचं. आपल्या अंगणवाडी सेविका आजही हेच करतात, रजिस्टरं भरून वेळ उरला तर.

शिक्षण हक्काचा कायदा २०१० पासून लागू झाला, त्यात या वाटेला जागा मिळाली. आठवीपर्यंत नापास करायचं नाही, वर्षभर मुलाकडं बघत राहायचं. त्याला आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन म्हणतात. नाव जड आहे, कल्पना चांगली आहे. पण बऱ्याच ठिकाणी ‘नापास नाही’ एवढंच उरलं आणि बघत राहायचं काम नोंदींच्या कागदात गेलं. तिकडं २००५ पासून ‘असर’ पाहणी सुरू झाली. गावातल्या घरी जाऊन मुलापुढं एक कागद ठेवायचा, त्यावर अक्षरं, शब्द, पहिलीचा उतारा, दुसरीची गोष्ट. पाचवीतल्या कितीतरी मुलांना दुसरीची गोष्ट वाचता येत नाही, हे त्यातून दरवेळी पुढं येतं. ही चाचणी घराच्या ओट्यावर होते, आई शेजारी बसलेली असते, आणि त्यावर ना मुलाचं वर्ष ठरतं ना मास्तरांचा पगार. ज्या गावांत ‘पहिले पाऊल’ मेळाव्यातून माता गट झाले, तिथल्या स्वतः चौथी शिकलेल्या आयाही आपलं मूल कुठं अडतं ते आता ओळखतात.

२०१९ साली कायद्यात बदल झाला आणि पाचवी-आठवीच्या परीक्षेची वाट उघडली. २०२३ मध्ये आपल्या राज्यानं ती घेतली. बायांनो, त्या बदलातलं पुढचं वाक्य फारसं कुणी सांगत नाही. मूल नापास झालं तर त्याला जादा शिकवायचं आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. त्यातही जमलं नाही तरच त्याच वर्गात बसवता येतं. शाळेतून काढून तर कुणालाच टाकता येत नाही, आठवी पुरी होईपर्यंत.

आपल्याकडची ऊसतोडीला जाणारी घरं दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळा लागल्यावर परततात. त्यांची पोरगी पाचवीत असेल तर निम्मं वर्ष ती कुठल्या पालावर असते, ते हजेरीपटाला माहीत नसतं. ती आली की परीक्षा, निकाल, आणि लगेच उन्हाळ्याची सुट्टी. म्हणजे जादा शिकवायचे ते दोन महिने सुट्टीतच जातात. त्या दिवसांत तिला कोण शिकवणार, कुठल्या खोलीत, किती वाजता, हे शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत आताच विचारून इतिवृत्तात लिहून घ्यायला हवं. समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत, आणि इतिवृत्त कसं लिहायचं ते आपल्याला येतं.