विद्युत मांडणीचे आराखडे

इमारत, कारखाना किंवा उपकेंद्र यांतील विजेचे काम करण्यासाठी आणि पुढे त्याची देखभाल करण्यासाठी लागणारे नकाशे, तक्ते व आकडेमोड. सिंगल लाइन डायग्रॅम, भारगणना, केबलींचा तक्ता, पॉइंटांचा नकाशा, अर्थिंगची मांडणी आणि काम संपल्यावरचा पूर्तता नकाशा ही त्यांतली मुख्य कागदपत्रे होत. यांतली किती सक्तीची असावीत, याबद्दल मतभेद आहेत.

लहान घराला पॉइंटांच्या खुणा केलेला प्लॅन पुरतो. पाइप कुठून न्यायचा हे वायरमन जागेवर ठरवतो, आणि बहुधा बरोबर ठरवतो. तारेची जाडी मात्र सवयीवर सोडता येत नाही. २.५ चौ. मिमी तांब्याच्या तारेने ४० मीटरवर १६ अँपिअर नेले, तर जाऊन-येऊन सुमारे ९.५ व्होल्ट, म्हणजे २३० व्होल्टचे चार टक्के, वाटेतच जातात, ४ चौ. मिमीच्या तारेत सहा व्होल्टच्या आसपास. असे गणित कागदावर नसले, तर ते केलेच नसण्याची शक्यता अधिक. ब्रिटनच्या बीएस ७६७१ मानकाने साध्या मांडणीसाठी आकृतीऐवजी नुसता तक्ता चालतो असे म्हटले आहे, पण त्याची टिकाऊ प्रत वितरण पेटीत (डीबी) किंवा तिच्याशेजारी हवी. आपल्याकडे डीबीच्या दारावर बॉलपेनने ‘हॉल, किचन’ लिहिलेले सापडले तरी नशीब.

मोठ्या कामांत उलटा प्रकार दिसतो: कागद भरपूर, पण भरवशाचे नाहीत. मागच्या निविदेतून उचललेले तपशील नव्या संचात येतात, त्यांचा बीओक्यूशी (कामाच्या परिमाणांच्या यादीशी) मेळ बसत नाही, आणि शेवटची सुधारित प्रत कोणती यावरच वाद होतो.

भारतात विद्युत अधिनियम, २००३ खालील केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षा विनियम आणि आयएस ७३२ हे वायरिंगचे मानक लागू पडतात. सरकारी कामांत अंतर्गत वायरिंगचे पैसे बहुधा पॉइंटमागे मिळतात, तारेच्या मीटरवर नाही. त्यामुळे पाइपाचा मार्ग मोजून नोंदवण्याची गरज बिलाला भासत नाही. पूर्तता नकाशासाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या २०१४ च्या करारअटींत कलम ८ ब होते: काम संपल्यापासून ३० दिवसांत तो द्यावा, नाहीतर कामाच्या किमतीच्या २.५ टक्के, पण जास्तीत जास्त १५,००० रुपये भरावे. ही कमाल मर्यादा सहा लाखांच्या कामालाच गाठली जाते. कोटीच्या कामात नकाशा काढण्यापेक्षा दंड भरणे स्वस्त पडावे, अशी ही रचना होती.

वास्तविक सर्वाधिक काळ उपयोगी पडणारा कागद म्हणजे हा पूर्तता नकाशाच. संकल्पनेचे नकाशे काम होताच निरुपयोगी होऊ लागतात. स्लॅबमध्ये गाडलेला पाइप मात्र तीस वर्षांनी ड्रिल मारणाऱ्यालाही दिसत नाही. हल्ली काही कंत्राटदार प्लास्टरपूर्वी झिरीशेजारी टेप धरून फोटो काढतात. फ्लॅटला तेवढे पुरते; रायझर आणि जमिनीखालच्या केबलींना मोजमापांसह नकाशाच लागतो.