ट्रॅक्टरच्या जनरेटरवर घरची लाईन घेताय? आधी हे वाचा

वाशिम : वादळात लाईन गेली की ट्रॅक्टरच्या पीटीओवर चालणारा जनरेटर कामी येतो. पण जोडणी चुकली तर जीव जातो.

सर्वात मोठा धोका : दोन्हीकडे पिन लावलेल्या वायरने जनरेटरचा करंट घरच्या सॉकेटमध्ये सोडणे. मेन स्विच चालू राहिला तर हा करंट उलटा डीपीत जातो आणि पुढच्या लाईनवर ११ हजार व्होल्ट येऊ शकतात. खांबावर चढलेल्या वायरमनला वाटते, लाईन बंद आहे!

काय करावे?

• परवानाधारक ठेकेदाराकडून चेंजओव्हर स्विच बसवा. तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा.
• जनरेटरला अर्थिंग द्या.
• ट्रॅक्टर उघड्यावर, दार-खिडक्यांपासून लांब लावा, गोठ्यात नको. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.
• पीटीओ शाफ्टवर कव्हर हवेच. पदर, धोतर, गमछा अडकला तर माणूस ओढला जातो.
• व्होल्टमीटरवर २३० व्होल्ट स्थिर झाल्यावरच लोड टाका.

तार तुटून पडली असेल तर जवळ जाऊ नका. महावितरणला १९१२ वर लगेच कळवा.